रद्द करणे आणि संपवणे

मराठी समीक्षेत एक वाक्य फार सैलपणे वापरले जाते : ‘पात्रांमधील संवाद तुटला आहे.’ कादंबरी कोणतीही असो, उत्तरपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत हे वाक्य आपली जागा पटकावतेच. संवाद कोणी तोडला, केव्हा तोडला, की तो मुळात सुरूच झाला नव्हता, हे प्रश्न मात्र त्याखाली झाकले जातात. ही सवय मोडण्यासाठी साहित्याबाहेरचा एक मजकूर वाचावा, असे आम्ही सुचवू इच्छितो.

हा मजकूर म्हणजे इंटरनेटवरील दूरध्वनीसाठी जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘आरएफसी ३२६१’ ही नियमावली. ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, म्हणजेच ‘सिप’, हे तिचे नाव. एका यंत्राने दुसऱ्याला बोलावणे कसे धाडावे, ते कसे स्वीकारावे आणि बोलणे कसे आटोपावे, हे ती सांगते. आजचे व्होल्टी फोनही सिपच्याच आधारे जोडले जातात. आपण मात्र सर्व प्रसंगी एवढेच म्हणतो : ‘फोन कट केला.’

सिपमध्ये या एका शब्दप्रयोगाच्या जागी दोन निराळे संदेश आहेत. पलीकडे घंटी वाजत आहे, पण कोणी उचललेले नाही, अशा वेळी बोलावणाऱ्याने माघार घेतली तर ‘कॅन्सल’ जातो. हा अधिकार केवळ बोलावणाऱ्याचा. पलीकडच्याला बोलायचे नसेल तर त्याने नकार द्यावा. दुसऱ्याचे आमंत्रण तो रद्द करू शकत नाही. आमंत्रण मागे घेतले गेले, की त्याला ४८७ या क्रमांकाचे उत्तर मिळते आणि प्रकरण मिटते. आपल्याकडे ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’ असे सांगितले जाई, तेव्हा हे रद्द करणेच निरोपाचे काम करी. संवाद झालेला नसे, पण अर्थ पोचलेला असे.

पलीकडच्याने एकदा होकार दिला, की ‘कॅन्सल’ निरुपयोगी ठरतो. आता लागतो ‘बाय’. तो दोघांपैकी कोणीही पाठवू शकतो, आणि तो पोचल्याचे उत्तर समोरच्याने द्यायचे असते. निमंत्रण एकाचे असते, पण स्वीकारानंतर संवाद दोघांचा होतो. हा विचार या कोरड्या नियमात आहे.

खरी कसोटी लागते ती दोन्ही संदेश वाटेत एकमेकांना ओलांडून जातात तेव्हा. इकडून ‘कॅन्सल’ निघाला, आणि त्याच क्षणी तिकडून होकार निघाला. मग खरे काय मानायचे? नियमावली होकाराच्या बाजूने उभी राहते. बोलावणाऱ्याने आधी तो होकार मिळाल्याची पोच द्यावी, आणि बोलायचे नसेल तर त्यानंतर रीतसर ‘बाय’ म्हणावे. आपण विचार बदलला होता, एवढ्यावर समोरच्याचा होकार झाला नाही असे ठरत नाही.

याशिवाय एक चौथी शक्यता उरते. जाळे कोसळले, वीज गेली, कोणीच ‘बाय’ म्हटले नाही. मूळ नियमावलीत अशा अधांतरी संवादाची चाचपणी करण्याची सोय नव्हती. एप्रिल २००५ मधील ‘आरएफसी ४०२८’ ने ती केली : ठरावीक अवधीने संवादाचे नूतनीकरण करावे, ते झाले नाही तर तो संपला असे धरावे.

माघार, नकार, निरोप आणि निःशब्द खंड, या चार अवस्थांत जबाबदारी चार ठिकाणी पडते. माघारीत ती बोलावणाऱ्याकडे, नकारात ऐकणाऱ्याकडे, निरोपात जो निघाला त्याच्याकडे, आणि खंडात कदाचित कोणाकडेच नाही. ‘संवाद तुटला’ म्हणणारी समीक्षा हा भेद पुसते आणि नकळत सर्वांनाच दोषमुक्त करते. न पाठवलेले पत्र आणि अनुत्तरित पत्र तिच्या लेखी सारखेच होते.

यंत्रांचे नियम माणसांच्या नात्यांना जसेच्या तसे लावावेत, असे आमचे म्हणणे नाही. माणूस पोच न देताही निघून जातो, आणि साहित्य बहुधा तिथेच सुरू होते. पण ज्या पोचेची अपेक्षा होती तिला नावच नसेल, तर ती न मिळाल्याचे दुःख तरी नेमके कसे वाचणार? म्हणून शिक्षकांना एक विनंती. यापुढे वर्गात कोणी ‘संवाद तुटला’ असे लिहिले, तर त्याला एवढेच विचारावे : समोरच्याने फोन उचलला होता का?