ढकलणे, ओढणे, दाबणे : बलाचा विवेक

'जोर पडला आणि दुखू लागले' असे रुग्ण सांगतो. आपण केसपेपरवर 'श्रमजन्य शूल' अशी नोंद करतो आणि पुढे जातो. हा जोर ढकलण्याचा होता, ओढण्याचा की दाबण्याचा, हे आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते हा प्रश्न निदान आणि चिकित्सा या दोहोंच्या मुळाशी आहे.

आपल्या शास्त्राने हा भेद केव्हाच ओळखला होता. सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या 24 यंत्रकर्मांत पीडन, विकर्षण आणि आंछन ही स्वतंत्र कर्मे आहेत. भग्नचिकित्सेत तर आंछन, पीडन, संक्षेप व बंधन असा क्रमच दिलेला आहे. आधी ओढून अस्थीची टोके मोकळी करावयाची, नंतर दाबून ती स्वस्थानी बसवावयाची. बंधनाच्या दाबालाही मर्यादा आहे: शिथिल बंधनाने संधी स्थिर होत नाही, अतिगाढ बंधनाने शोथ, वेदना व पाक होतो. म्हणूनच शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंधन बदलावे, असा निर्देश आहे.

आता नित्यव्यवहार पाहा. रस्ता ओलांडताना आई लहानग्याला मनगटाला धरून वर खेचते आणि मूल हात हलवीनासे होते. पाच वर्षांखालील मुलांत या ओढीने कोपराजवळील बहिःप्रकोष्ठास्थीचे शिर आपल्या बंधातून निसटते. येथे तेल चोळून उपयोग नाही. 'कोणी हात ओढला होता का?' हा एक प्रश्नच निदान करून देतो.

ढकलणे शरीराच्या आतही घडते. मलप्रवृत्तीसाठी नित्य कुंथणाऱ्याला अर्श होतो. प्रसूतीत आवी आलेल्या नसताना स्त्रीने प्रवाहण करू नये, असे चरकाचार्य बजावतात. वेग नसताना ढकलणे हे वेगाच्या धारणाइतकेच घातक होय.

औषधनिर्मितीशाळेतही हा विवेक हवा. चाकांच्या गाड्यावरील काढ्याचे पिंप ओढणारा कामगार मागे वळून चालतो, त्याची कंबर पिळवटते. तोच गाडा ढकलताना सर्व शरीराचा भार कामी येतो आणि वाटही समोर दिसते.

सर्वाधिक निष्काळजीपणा मात्र दाबण्याच्या बाबतीत होतो. 'मालिश करा' एवढेच आपण लिहितो. मर्दन, उद्वर्तन व संवाहन ही नावे ग्रंथांत वेगळी असताना आपल्या चिठ्ठीत ती एका शब्दात बुडून जातात. एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजली, दुखू लागली, उष्ण झाली, तर सिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका घ्यावयास हवी. अशी पोटरी घरच्यांनी प्रेमाने चेपली, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि प्राणांवर बेतते. दीर्घ प्रवास, शस्त्रक्रिया, प्रसूती किंवा अंथरुणाला खिळणे यांनंतर हा धोका अधिक. अशा रुग्णास तेल न देता तत्काळ रुग्णालयात पाठविणे, हेच वैद्याचे कर्तव्य होय.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती, की रुग्णास त्याच्या कामातील बलाचा प्रकार विचारावा आणि अभ्यंग सांगताना दिशा, दाब व काळ चिठ्ठीवर स्पष्ट लिहावा. औषधनिर्मात्यांनीही तेलाच्या बाटलीवर 'केवळ बाह्योपयोगासाठी' एवढ्यावर न थांबता, 'अकस्मात सुजलेल्या किंवा दुखावलेल्या भागावर वैद्यांस विचारल्याविना चोळू नये' ही एक ओळ छापावी. तिला खर्च जवळजवळ नाही. पण ती वेळेवर वाचली गेली, तर एखाद्याचे प्राण वाचतील.