आमदाराचे निवृत्तिवेतन आणि कैद्याचे कर्ज

१९७६ साली संसदेने माजी खासदारांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला. देशात आणीबाणी होती, लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपून ती वाढवून घेण्यात आली होती आणि विरोधी पक्षांचे अनेक खासदार गजाआड होते. अशा संसदेने आपल्या सदस्यांची दरमहा किमान ३०० रुपयांची तहहयात सोय करून घेतली.

त्याच वेळी रुदल शाह हा इसम बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या तुरुंगात होता. न्यायालयाने त्याला १९६८ सालीच निर्दोष ठरविले होते. सुटका झाली १९८२ साली. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्याला तातडीची भरपाई म्हणून एकूण ३५,००० रुपये देवविले. चौदा वर्षांच्या बेकायदा कैदेचा हा दर महिन्याला सुमारे २०० रुपये पडतो. खासदाराच्या निवृत्तीची किंमत निरपराध्याच्या कैदेपेक्षा अधिक ठरली.

महाराष्ट्रात चित्र निराळे नाही. २०१६ साली माजी आमदारांचे निवृत्तिवेतन दरमहा ५०,००० रुपये झाले. पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षाचे २,००० रुपये वेगळे. २०२२ साली येरवडा कारागृहातील कैद्यांसाठी राज्य सहकारी बँकेची कर्जयोजना सुरू झाली. कमाल रक्कम ५०,००० रुपये, व्याज ७ टक्के, फेड तुरुंगातील मजुरीतून. सावकारापेक्षा बँक बरी, हे मान्य. परंतु एकाला जे दरमहा फुकट मिळते तेच दुसऱ्याला एकदाच, तेही सव्याज फेडावयाचे, याला समाजवादी समाजरचना कोण म्हणेल?

निवृत्तिवेतन नसेल तर निर्धन कार्यकर्ता राजकारणात टिकणार नाही, असे सांगितले जाते. युक्तिवाद खोटा नाही. आयुष्यभर चळवळीत झिजलेल्या माणसाला म्हातारपणी आधार हवाच. पण मग गरज हाच निकष हवा. साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांच्या धन्यांनाही तीच रक्कम देणारा कायदा निर्धनाचे नाव केवळ ढालीसारखे वापरतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खासदारांचे निवृत्तिवेतन वैध ठरविले. मात्र जे वैध ते न्याय्यच असते असे नाही.

दुसरा आक्षेप असा की, कैदी गुन्हेगार असतो. शिक्षा भोगून झाल्यावर त्याचे देणे फिटलेले असते. शिवाय २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. त्यांतले जे निर्दोष सुटतात त्यांची नोकरी गेलेली असते, शेत गहाण पडलेले असते. चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाईचा कायदेशीर हक्क द्यावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये केली. २०२३ च्या नव्या फौजदारी संहितांत तिला जागा मिळाली नाही. आपल्या वेतनवाढीची विधेयके चर्चेविना संमत करणाऱ्या सभागृहांना येथे मात्र सवड नसते.

पंजाबने २०२२ साली आमदाराला कितीही वेळा निवडून आला तरी एकच निवृत्तिवेतन, असा कायदा केला. महाराष्ट्रात त्यापुढे जाऊन उत्पन्नाची मर्यादा घालावी. वाचलेल्या पैशातून सुटणाऱ्या प्रत्येक कैद्याला पहिले काही महिने निर्वाहभत्ता हक्क म्हणून द्यावा. निर्दोष सुटलेल्याला भरपाई मिळावी. ही मागणी दयेची नाही, वाटपाची आहे. पक्षाच्या आजीमाजी आमदारांनी ती सर्वांआधी उचलावी. स्वतःच्या ताटातले कमी करून मागणी करणाऱ्याचा शब्दच लोक खरा मानतात.