वकिलीच्या परीक्षेला पोर बसवायचं, तर गावानं बसवायचं



भात झोडून झालं. मुकादम पाड्यापाड्यावर फिरायला लागलेत. कोणी उचल घेतली, कोणी उद्या-परवा घेईल. पंधरा दिवसांत निम्मे पाडे भट्टीवर असतील आणि मग बैठकीला माणूस मिळणार नाही. म्हणून भट्टीवर जायच्या आधी एक गोष्ट ठरवून घेऊ या. गेल्या वर्षी ती ठरवली नाही, त्याची किंमत एका पोरीनं मोजली.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या भागातली चार पोरं वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसली. बारावीनंतर पाच वर्षांचा जो अभ्यासक्रम आहे, त्याची ही राज्याची सीईटी. चौघांपैकी दोघं शिमग्यापर्यंत भट्टीवर होती, पुस्तक उघडलं तेव्हा परीक्षेला महिनाही राहिला नव्हता. तिसऱ्यानं आयुष्यात माऊस धरला नव्हता, आणि परीक्षा असते कॉम्प्युटरवर. पहिला अर्धा तास त्याचा पुढचा प्रश्न कसा उघडायचा यातच गेला. चौथी पोरगी मात्र चांगले गुण घेऊन आली. तिला जागा मिळाली असती. पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हातात आलं नाही आणि जागा गेली. आज ती आईबरोबर भट्टीवर जायची तयारी करतेय.

यात दोष कुणाचा? कचेरीला शिव्या घालणं सोपं आहे, आणि त्या आम्ही घातल्याही. पण खरं बोलायचं तर ती पोरगी संघटनेच्या हापिसात दोनदा येऊन गेली होती. तेव्हा आम्ही मोर्च्याच्या गाड्या ठरवत होतो. ‘नंतर बघू’ म्हणालो. नंतर बघायला वेळ उरला नाही. हा दोष आमचा आहे, तो इथं लिहून कबूल करतो.

आता कोणी म्हणेल, एका पोरीच्या ॲडमिशनचं एवढं काय? जमिनीचा प्रश्न मोठा की कॉलेजचा? तर २०१९ चा फेब्रुवारी आठवा. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले, त्यांना राज्यांनी जमिनीवरून हटवावं. देशभरातली लाखो कुटुंबं एका कागदानं हादरली. आपल्या पाड्यावर बायांनी रात्रभर चूल पेटवून जागून काढली, सकाळी फॉरेस्टवाले येतील म्हणून. देशभर आवाज उठला, सरकारला कोर्टात परत जावं लागलं आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. तलवार म्यानात गेली, मोडली नाही.

त्या पंधरा दिवसांत आम्हाला एक गोष्ट कळली. दिल्लीच्या कोर्टात आपल्याबद्दल बोलणारे सगळे होते, आपल्यातलं कोणी नव्हतं. आणि तालुक्याला काय होतं? ज्या वकिलाकडे आपण धावलो, त्यानं वनहक्काचा कायदा उघडून पाहिलेला नव्हता. फी मात्र आधी मागितली. आपल्याच कार्यकर्त्यानं त्याला कलम ४(५) वाचून दाखवलं, की दाव्याची मान्यता आणि पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येत नाही. पैसे देऊन वर वकिलाला शिकवायचं, हे किती वर्षं चालवणार?

बैठकीत याला विरोध होतो, तो आम्हाला ठाऊक आहे. जुने साथी म्हणतात, हा कायदा वकिलांनी दिला नाही. बरोबर आहे. २००६ चा कायदा आला तो तुरुंगात गेलेल्या, लाठ्या खाल्लेल्या माणसांमुळं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत गेलो, तेव्हा सरकार बोलायला बसलं. दाव्याचा अर्ज भरायला वकील लागत नाही, ग्रामसभा आणि वनहक्क समिती पुरे. हे सगळं खरं आहे, आणि ते सोडून द्या असं कोणी म्हणत नाही. पण मोर्चा संपल्यावर प्रांताच्या हापिसातून एका ओळीचा कागद येतो, ‘पुरावा अपुरा, दावा अमान्य’. त्या कागदाला उत्तर कागदानंच द्यावं लागतं. नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे, शेताची बांधबंदिस्ती पुरावा आहे, घर-झोपडी पुरावा आहे. हे त्या साहेबाला लिहून, कलम-नियम दाखवून सांगणारं माणूस पाड्यावर पाहिजे. आज असं माणूस दहा गावांत एक आहे, आणि त्याची दाढी पांढरी झालीय.

म्हणून ही परीक्षा काय आहे, ते आईबापांनाही कळू द्या. २०१९ साली दोन तासांत दीडशे प्रश्न असत. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली, त्यातलं एक निवडायचं. तेव्हा कायद्याची समज तपासणारे ४० प्रश्न, तर्काचे ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे ३०, इंग्रजीचे ३० आणि सोप्या गणिताचे १० असत. इंग्रजीचा भाग सोडला तर पेपर मराठीत वाचता येतो. देशपातळीवरची क्लॅट नावाची दुसरी परीक्षा असते, ती अख्खी इंग्रजीत आणि चुकलं की गुण कापतात. आश्रमशाळेतल्या पोरांनी आधी राज्याची परीक्षा धरावी. इथं चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आपली पोरं भीडेपायी सोडतात. ‘येत नाही तर कशाला खोटं लिहायचं’ म्हणतात. पोरांनो, इथं अंदाज करणं म्हणजे खोटं बोलणं नाही.

बारावीला आपल्या पोराला ४० टक्के असले तरी बसता येतं. कला शाखा चालते. अनुसूचित जमातीसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे दार बंद नाही. दारापर्यंतची वाट मात्र काट्यांची आहे.

कायद्याच्या समजेचे प्रश्न कसे असतात, ते एका उदाहरणानं सांगतो. आधी एक नियम दिलेला असतो, मग एक घटना. नियम घटनेला लावून उत्तर काढायचं. आम्ही पोरांना घेऊन बसलो आणि घरचाच प्रश्न घातला. नियम: निकाल कळल्यापासून ६० दिवसांत केलेलाच अर्ज ऐकला जाईल. घटना: एका म्हाताऱ्याचा दावा फेटाळला, तसा कागद त्याच्या हातात पडला. तो भट्टीवर गेला, परत आला आणि ७० व्या दिवशी अर्ज दिला. अर्ज ऐकला जाईल का?

सगळी पोरं एका आवाजात म्हणाली, ऐकलाच पाहिजे! पोट भरायला गेला होता, मजेला नव्हता. माणूस म्हणून हे उत्तर बरोबर आहे. परीक्षेत ते चूक आहे. दिलेल्या नियमात भट्टीचा शब्द नाही, म्हणून परीक्षेचं उत्तर ‘नाही’. मनाला काय न्याय्य वाटतं ते दोन तास बाजूला ठेवायचं आणि फक्त समोरचा नियम वाचायचा, ही सवय पोरांना लावावी लागते. सुरुवातीला पोरं चिडतात. चिडू द्या.

पण गोष्ट इथं संपत नाही. वनहक्काचे नियम २०१२ साली सुधारले. त्यात लिहिलंय की दावा फेटाळला तर ते दावेदाराला समक्ष कळवलं पाहिजे, आणि ६० दिवसांची मुदत समितीला आणखी ३० दिवस वाढवता येते. म्हणजे ७० व्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्याची वाट बंद झालेली नाही, फक्त ती मागायला कोणीतरी पाहिजे. आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक होतं? बैठकीत विचारलं तेव्हा तीन हात वर आले. नियम नीट वाचायला परीक्षा शिकवते. त्या नियमाच्या पुढचं पान उलटायला वकिली शिकवते. आपल्या म्हाताऱ्यांच्या जमिनी त्या पुढच्या पानावर अडकल्यात.

तर्काच्या प्रश्नांची एक गंमत. नात्यांचे प्रश्न येतात, अमकीचा भाऊ तमक्याचा कोण. इंग्रजीत वाचलं तर काका, मामा, मावशीचा नवरा, सगळेच ‘अंकल’, पोरं गोंधळून जातात. मराठीत नातं तिथल्या तिथं कळतं. म्हणून पोरांनो, लाजू नका, मराठीचा पर्याय निवडा. इंग्रजीचे गुण मात्र चुकवता येत नाहीत. त्याला रोज एक पान मोठ्यानं वाचणं, न कळलेले पाच शब्द वहीत लिहिणं, यापेक्षा वेगळं औषध आम्हाला सापडलेलं नाही. सामान्य ज्ञानासाठी रोजचा पेपर. पाड्यावर येत नसेल तर एसटी स्टँडवरून दूधवाल्याच्या हाती मागवा. शिळा चालेल.

आता ठरवायचं काय, ते सांगतो.

पहिलं, ज्या घरात परीक्षेला बसणारं पोर आहे, ते पोर यंदा भट्टीवर जाणार नाही. घरात एक हात कमी झाला की उचल कमी मिळते, हे आम्ही जाणतो. उपाशी घराला शिक्षणाचा उपदेश करण्यात अर्थ नाही. म्हणून पाड्यानं त्या पोराचं धान्य उचलावं. घरटी दोन पायल्या भात दिलं तर एका पोराचं उन्हाळ्यापर्यंतचं खाणं निघतं. मोर्च्याला आपण भाकऱ्या देतोच, ही पण मोर्च्याचीच भाकरी समजा.

दुसरं, समाजमंदिराची एक खोली संध्याकाळी सातनंतर अभ्यासाला. तिथं पत्ते नाहीत, टीव्ही नाही. सोलरचा दिवा संघटना देईल.

तिसरं, कॉम्प्युटर. ग्रामपंचायतीच्या सेवाकेंद्रात आठवड्यातून दोन दिवस, एक तास, पोरांनी माऊस धरायचा आणि घड्याळ लावून सरावाचा पेपर सोडवायचा. २०१९ साली दोन तासांत दीडशे प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद मिळत. हा वेग घरी बसून येत नाही. त्यासाठी ग्रामसभेनं ठराव करावा.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद. जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. पडताळणीचा अर्ज बारावीच्या वर्षात, कॉलेजमार्फत, आत्ताच गेला पाहिजे. आजोबांच्या शाळेचा दाखला नसेल तर काय जोडायचं, ते संघटनेच्या हापिसात येऊन विचारा. यावेळी ‘नंतर बघू’ म्हणणार नाही. दर बुधवारी एक कार्यकर्ता फक्त याच कामाला बसेल. प्रवेश मिळाला की शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विभागाचं वसतिगृह आहे, वसतिगृहात जागा नसेल तर स्वयं योजना आहे. त्याचेही अर्ज तिथंच भरू.

शेवटचा प्रश्न एका आजीनं विचारला होता आणि सगळी बैठक गप्प झाली होती. ‘पोर वकील हुईल, पण कोनाचा हुईल?’ काहीजण म्हणाले, लिहून घ्या, शिकून परत आलंच पाहिजे. आम्ही त्याच्या विरोधात आहोत. मुकादमाची उचल आणि संघटनेची उचल यात मग फरक काय राहिला? कर्जाच्या जोरावर बांधलेलं पोर एक दिवस पळतं, आणि पळालं तर त्याचं चुकत नाही.

आमचं म्हणणं एवढंच की अभ्यासाच्या काळातही पोरानं ग्रामसभा चुकवू नये. फेटाळलेले दावे त्यानं वाचावेत, म्हाताऱ्यांचे जबाब आपल्या अक्षरात लिहावेत, प्रांताच्या हापिसात सोबत यावं. ज्याच्या हातानं आपल्या आज्याचा जबाब लिहिला, ते पोर शहरात गेलं तरी ते अक्षर विसरणार नाही असा आमचा विश्वास आहे. विश्वास चुकू शकतो. चारांतली दोन शहरातच राहतील, धरून चालू. दोन परत आली तरी आज आपल्याकडे आहेत त्यापेक्षा दोन जास्त.

आणि पोरींबद्दल एक शब्द. सीईटीच्या दिवसांतच लग्नसराई असते. पोरीची तारीख ठरवायच्या आधी परीक्षेची तारीख विचारा. मोर्च्यात बाया पुढं असतात, कोर्टातही पुढं असू देत.

गेल्या वर्षीची ती पोरगी यंदा पुन्हा बसायला तयार आहे. तिच्या आईनं अजून उचल घेतलेली नाही, बैठकीची वाट बघतेय. येत्या रविवारच्या बैठकीत पहिला विषय तिचा. येताना प्रत्येक घरानं भात घेऊन या.

जिंदाबाद!