बीडचा सातबारा: फसली सनापासून ओटीपीपर्यंत

१/
बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला आज आपला सातबारा हवा असेल, तर पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काही मिनिटांत मिळतो. त्याच शेतकऱ्याला आजोबांच्या काळातली, १९५४ च्या सुमाराची नोंद हवी असेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातला रुमाल सोडावा लागतो. कागद सापडला, तरी तो वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. या दोन कागदांमधले अंतर हा या थ्रेडचा विषय आहे.

२/
ई-प्रशासनाचे यश बहुधा वेगावर मोजले जाते: किती सेवा ऑनलाइन झाल्या, किती दिवसांत दाखला मिळाला. मराठवाड्याच्या महसुली इतिहासातून पाहिले, तर त्याहून कळीचा प्रश्न समोर येतो. नोंद चुकली, तर ती दुरुस्त करण्याचा खर्च कोणी सोसायचा? गेल्या दीडशे वर्षांत नोंदीची भाषा, लिपी आणि साधन अनेकदा बदलले. हा खर्च मात्र दर वेळी रयतेच्याच माथी आला.

३/
प्रारंभ निजामशाहीपासून करावा लागतो. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने महसूल वसुलीच्या मक्तेदारीला आळा घालून १८६५ मध्ये जिलाबंदी आणली. पुणे-सोलापूरकडे विंगेट आणि गोल्डस्मिड यांची मोजणी १८३६ मध्ये इंदापुरातून सुरू झाली होती. हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलखात त्याच मुंबई पद्धतीची मोजणी यायला १८७० चे दशक उजाडावे लागले. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्याच्या तुलनेत बीडचा जमीन अभिलेख असा जन्मतःच मागे होता.

४/
भाषेचा पेच त्याहून मोठा होता. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. गावातला हिशेब मोडी मराठीत लिहिला जाई. सन फसली, म्हणजे इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे. १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा इसवी सन १९०७ चा असतो, हे आज बीडमध्ये मूळ कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. नांगर धरणाऱ्याला मात्र उर्दूही येत नव्हती आणि मोडीही.

५/
या दरीत पटवारी उभा होता. नोंद लिहिणारा तोच, वाचून दाखवणारा तोच आणि तिचा अर्थ सांगणाराही तोच. त्याचे दफ्तर वंशपरंपरेने घरातच राही. त्याच्या सत्तेचा उगम व्यक्तीच्या दुष्टपणात शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ज्या व्यवस्थेत कागदाचा मालक कागद वाचू शकत नाही, तिथे वाचणाऱ्याला सत्ता मिळतेच. वाचणारा कोण, हे काळानुसार बदलते.

६/
१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले आणि पुढच्या सहा-सात वर्षांत कायद्यांची रीघ लागली. १३५८ फसलीचा हक्कनोंदणीचा कायदा, १९४९ मध्ये जहागीर निर्मूलन, १९५० चा कूळ कायदा, त्यामागोमाग इनाम निर्मूलन. कसणाऱ्याला प्रथमच ‘संरक्षित कूळ’ म्हणून कागदावर नाव मिळण्याची संधी आली. १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक या मंथनातून निघाले. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही वकील प्रथम तेच मागवतात.

७/
पण अशा घाईच्या काळात नोंदी दोन कारणांनी चुकतात: कधी नजरचुकीने, कधी कोणाच्या सोयीने. देवस्थान, दर्गा, मशिदीच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांचा मूळ आधार म्हणजे मुंतखब, आणि तो उर्दूत. मुंतखब न वाचता उताऱ्यावर वहिवाटदाराचे नाव मालक म्हणून चढले, की सेवेची जमीन विक्रीयोग्य दिसू लागते. अशा जमिनींच्या हस्तांतरणाची प्रकरणे बीड जिल्ह्यात अलीकडच्या काळात पोलीस ठाण्यापर्यंत गेली आहेत.

८/
१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. माणसे इकडे आली, संस्थानाच्या मध्यवर्ती दफ्तरातले बरेच कागद हैदराबादेतच राहिले. १५ ऑगस्ट १९६७ ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली आणि जुन्या चौकटीतल्या नोंदी नव्या गाव नमुन्यांत उतरल्या. नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. प्रत्येक उताऱ्याची नक्कल ही जुन्या चुकीला नवी शाई देण्याची शक्यताही होती.

९/
मग संगणक आला. हस्तलिखित सातबारे टंकून घेतले गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. हे काम अफाट होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण टंकणाऱ्यासमोर असलेला कागद म्हणजे नकलेची नक्कल होती. क्षेत्रात एक गुंठा कमी, वारसाचे एक नाव गळालेले, भोगवटादार वर्ग दोनच्या जागी एक. कागदावर खाडाखोड दिसत असे. पडद्यावर चूकही बरोबर उताऱ्याइतकीच स्वच्छ दिसते.

१०/
शासनाला हे उमगले होते, याचा पुरावा २०१७ च्या उन्हाळ्यातला आहे. संगणकीकृत सातबारे बिनचूक करण्यासाठी राज्यभर ‘चावडी वाचन’ मोहीम घेण्यात आली. गाव जमवायचे, उतारे मोठ्याने वाचायचे, हरकती टिपायच्या. एकविसाव्या शतकातली प्रणाली तपासण्यासाठी चावडीच उपयोगी पडली. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ऐकता येते, आणि बांधाशेजाऱ्याला कोणाची जमीन किती हे पाठ असते.

११/
चावडीवर निसटलेली चूक पुढे संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांपुढे जाते. अर्ज खातेदाराने करायचा, जुने उतारे त्याने जमवायचे, हेलपाटे त्याने घालायचे. चूक कार्यालयातल्या टंकनाची असली, तरी ती सिद्ध करण्याचे ओझे बहुधा शेतकऱ्यावरच येते. पंधरा रुपयांत उतारा मिळतो. त्यातली चूक काढायला किती लागतात, याचा दर कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही.

१२/
दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एका उताऱ्यासाठी तलाठी सज्जाच्या दाराशी ताटकळणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ऑनलाइन सातबारा ही चैन वाटत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली, अपील दिले आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. फेरफाराची स्थिती आज पुण्यात मजुरी करणाऱ्या मुलालाही मोबाइलवर पाहता येते. ही मिळकत खरी आहे.

१३/
याच ओळीत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी येते. पूर्वी नमुना बारातला पीकपेरा तलाठी भरत असे, कित्येकदा बांधावर न जाता. आता शेतकरीच शेतात उभा राहून कापूस, सोयाबीन, तुरीचा फोटो काढून नोंद करतो. तत्त्वतः ही क्रांती आहे: दीडशे वर्षांत प्रथमच लेखणी रयतेच्या हाती आली. पण नेटवर्क नसेल, फोन साधा असेल किंवा मुदत टळली, तर पिकाचा रकाना कोरा राहतो आणि दोष शेतकऱ्याचा ठरतो. लेखणीबरोबर चुकीची जोखीमही त्याच्याच हाती आली.

१४/
पीक विम्याची गोष्ट बीडकरांना सांगायला नको. २०२० मध्ये इथूनच ‘बीड पॅटर्न’ निघाला. भरपाई जमा विमा हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. ती ११० टक्क्यांपुढे गेली, तर वरचा भार राज्याने उचलायचा. दुष्काळी जिल्ह्याने विमा व्यवहाराला घातलेला हा लगाम राज्याने पुढे स्वीकारला.

१५/
२०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आला, आणि त्याच बीडचे नाव बोगस विम्यात झळकले. शासकीय जमीन, देवस्थानची जमीन, दुसऱ्याचे शेत यांवर काही सेवा केंद्रांच्या लॉगिनमधून विमा उतरवला गेल्याचे उघड झाले. २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली गेली. यातले दोन्ही धडे घ्यायला हवेत. संगणकात खूण राहते, म्हणून नोंदींची पडताळणी करून हे पकडता आले. आणि पटवारी गेला, तरी मधला माणूस गेलेला नव्हता. तो आता पासवर्ड बाळगून होता. या मधल्यांच्या करामतीची किंमत मात्र प्रामाणिक शेतकऱ्याने मोजली.

१६/
बीडचा दुसरा चेहरा ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची मुदत २०२५ मध्ये सप्टेंबरपासून वाढत वाढत डिसेंबरअखेर गेली, आणि ऐन त्याच काळात गाळप हंगाम सुरू झाला. फडातल्या खोपीत ओटीपी यायचा तो बहुधा नवऱ्याच्या फोनवर. कोयत्याने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत, ही तक्रार तर शिधावाटपाइतकी जुनी. मुदती ठरवणाऱ्या दालनात ऊसतोडीचे पंचांग टांगलेले नसते.

१७/
आणि मग २०२३. मराठा आरक्षण आंदोलनानंतर सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्याच्या कचेऱ्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, कूळ नोंदवह्या, १९५१ चे नागरिक रजिस्टर, शाळांचे प्रवेश-निर्गम, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट उघड झाली: ज्या नोंदींवर लाखोंचे भवितव्य अवलंबून होते, त्या सत्तर वर्षे कोणी नीट वाचल्याच नव्हत्या.

१८/
जात प्रमाणपत्राच्या कायद्यात दाव्याचा पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आधार मागितला जातो. आता विचार करावा: ज्याचे कुटुंब पालावर हिंडत होते, त्याची नोंद १९६१ पूर्वी कुठल्या चावडीत व्हायची? त्याला ना सातबारा, ना शाळेचा दाखला. पुरावा नसणे हाच त्याच्या वंचिततेचा पुरावा आहे, पण अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. अर्ज ऑनलाइन केल्याने तो रकाना तयार होत नाही.

१९/
हे केवळ बीडचे नाही. कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन अभिलेख संगणकात घेतले आणि जगभर नाव कमावले. सोलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की बंगळूरूच्या परिसरात या मध्यवर्ती नोंदींचा लाभ मोठ्या जमीनखरेदीदारांनी अधिक उठवला. गावातली माहिती दूरवरून दिसू लागली, की ज्याचे हात लांब, त्याला ती आधी मिळते.

२०/
यावर एक आक्षेप येईल: जुन्या कागदांच्या नादात नवी व्यवस्था अडवायची का? मुळीच नाही. आक्षेप संगणकावर नाही, कामाच्या क्रमावर आहे. खिडकी चकचकीत झाली आणि खिडकीमागचे दफ्तर तसेच राहिले. अभिलेखागार हे इतिहासप्रेमींच्या हौसेचे ठिकाण नसून प्रशासनाचा पाया आहे, हे २०२३ ने सिद्ध केले. दुर्दैवाने ते घाईत, आंदोलनाच्या दबावाखाली सिद्ध झाले.

२१/
करता येण्याजोगे बरेच आहे.
• प्रत्येक डिजिटल सातबाऱ्याला खासरा पत्रकापासूनच्या मूळ नोंदींची प्रतिमा आणि देवनागरी लिप्यंतर जोडावे.
• प्रत्येक तालुक्यात मोडी आणि उर्दू वाचणारे प्रशिक्षित अभिलेखवाचक नेमावेत.
• चावडी वाचन दरवर्षी व्हावे, आणि ऊसतोड कामगार गावी असतात त्या काळात.
• सेवा केंद्राने भरलेल्या प्रत्येक अर्जावर भरणाऱ्याचे नाव आणि घेतलेली रक्कम छापावी.
• जिथे चूक टंकनाची, तिथे ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कार्यालयाने आपणहून घ्यावी.

२२/
यांतली शेवटची मागणी सर्वांत कठीण आहे, कारण तिला नवे यंत्र लागत नाही; तिला सत्तेची सवय मोडावी लागते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेने सातबाऱ्यावर घरच्या बाईचे नाव लावण्याचा आग्रह धरला, तेव्हा संगणक नव्हता. नाव कोणाचे, हा प्रश्न आधी विचारला गेला. ते कशाने लिहायचे, हा नंतरचा.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यात काम आहे. मोडी शिकणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे, पण बहुतेकांची नजर किल्ल्यांच्या आणि लढायांच्या कागदांवर असते. तहसीलच्या रुमालात बांधलेला कोतवाल बुकाचा एक पिवळा कागद एखाद्या मुलीचा वसतिगृह प्रवेश ठरवू शकतो, एखाद्या विधवेचा वारसा ठरवू शकतो. तो वाचणारे हात बीडला आज हवे आहेत. सुरुवात आपल्याच गावच्या खासरा पत्रकापासून करता येईल.

(थ्रेड समाप्त)