मॅनेजर व्हायचंय? आधी इंजिनीअरिंग की थेट बीबीए? प्रवेशाआधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच सल्ला मिळतो, 'आधी इंजिनीअरिंग कर, मग एमबीए. लाइफ सेट!' सोबत सुंदर पिचाई आणि सत्या नाडेला यांची उदाहरणं दिली जातात. दोघंही आधी इंजिनीअर, नंतर एमबीए झाले, हे खरं. पण हा मार्ग सगळ्यांसाठीच योग्य आहे का?

नियम काय आहे?

कॅटसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या गटाला किमान ५० टक्के गुण लागतात. राज्याच्या एमबीए सीईटीलाही शाखेचं बंधन नाही. उलट काही आयआयएम निवडीच्या वेळी बिगर-इंजिनीअर उमेदवारांना जादा गुण देतात.

इंजिनीअरिंगचा फायदा कुठे?

कारखान्यातलं उत्पादन, आयटी किंवा प्रॉडक्ट मॅनेजमेंट यांत तांत्रिक समज कामी येते. एमबीए झालं नाही तरी हातात नोकरीचा एक पर्याय राहतो. मात्र त्यासाठी चार वर्षं द्यावी लागतात आणि मन लागलं नाही तर बॅकलॉग वाढत जातात.

बीबीए, बीएमएसचं काय?

तीन वर्षांत पदवी मिळते. अकाउंट्स, मार्केटिंग, एचआर यांची ओळख लवकर होते. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. त्यानंतर मुंबईतल्या काही कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी पदवीचं नेमकं नाव आणि सीईटी लागते का, हे तपासा. बारावीनंतर थेट आयआयएममध्ये जायचं असेल, तर इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम २०११ पासून सुरू आहे.

मग निवड कशी करायची?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढे एमबीएला प्रवेश मिळालाच नाही, तर याच पदवीवर काम करायला आवडेल का? उत्तर 'हो' असेल तर इंजिनीअरिंग जरूर घ्या. 'नाही' असेल तर केवळ एमबीएच्या आशेवर चार वर्षं आणि आईवडिलांचे लाखो रुपये घालणं शहाणपणाचं नाही. हाच प्रश्न बीबीए घेणाऱ्यांनाही लागू होतो. नुसती पदवी पुरणार नाही, त्या तीन वर्षांत इंटर्नशिप आणि एक्सेलसारखी कौशल्यं कमवावीच लागतील.

पदवी ही एमबीएची वेटिंग रूम नाही. ती स्वतःच्या बळावर उभी राहील, अशीच निवडा.