भाव मिळेपर्यंत माणूस टिकला पाहिजे



जिल्ह्याच्या बैठकीत आपण कापसाच्या भावावर तीन तास बोलतो, वीजबिलावर तासभर बोलतो, पीकविम्याच्या पंचनाम्यावर तर भांडण होईपर्यंत बोलतो. मागच्या सतरंजीवर बसलेला एखादा भाऊ या सगळ्या वेळात तोंड उघडत नाही. त्याला आपण शांत स्वभावाचा म्हणतो आणि पुढच्या ठरावाकडे वळतो.

शेतकऱ्याच्या मनाचा विषय काढला की कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे. हा विषय पळवाट म्हणून फार वापरला गेला. कापूस हमीभावाच्या खाली विकला जात होता तेव्हा शेतकऱ्याला प्राणायाम शिकवायला माणसे आली. दारू, लग्नाचा खर्च, मनाचा कमकुवतपणा अशी कारणे शोधली गेली. आपल्याला चीड आली ती रास्तच होती. कर्जाचे मूळ तोट्याच्या शेतीत आहे, शेतकऱ्याच्या डोक्यात नाही. पण त्या चिडीपोटी आपण दुसरे टोक गाठले. भाव मिळाला की सगळे आपोआप ठीक होईल, तोवर मनाबिनाचे बोलायचे नाही, असे आपण धरून चाललो. भाव मिळेल तेव्हा मिळेल, तोपर्यंत माणूस टिकला पाहिजे. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज आले. २००८ ला देशभर कर्जमाफी झाली, तिच्यात दोन हेक्टरची अट कोरडवाहू शेतकऱ्याला आडवी आली. २०१७ आणि २०१९ ला राज्याची कर्जमाफी झाली. दर वेळी यादीत नाव आले की नाही हे कळेपर्यंत घराघरांत ज्या रात्री गेल्या, त्यांचा हिशेब कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हता.

कृषी महाविद्यालयात 'ताण' हा शब्द आम्हाला पिकाच्या संदर्भात शिकवला. दुपारच्या उन्हात कपाशीची पाने माना टाकतात आणि ऊन उतरले की पुन्हा ताठ होतात. त्या मरगळीला कोणी घाबरत नाही. पण दिवस उगवतानाच पाने मलूल दिसली तर समजावे की मुळांना ओल मिळत नाही. मग कपाशी आधी पाते टाकते, नंतर फुले, नंतर कोवळी बोंडे. स्वतः तगण्यासाठी एकेक सोडून देते.

माणसाचेही काहीसे असेच. दुबार पेरणीची वेळ आली, २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी आली, ज्वारी काळी पडली, तर चार दिवस घास उतरत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही. ही दुपारची मरगळ. ती यायचीच. अशा वेळी ज्याला काहीच वाटत नाही तो शेतकरी नसावा, अडत्या असावा. पण दोन आठवडे उलटले तरी पहाटे तीनला उघडलेले डोळे मिटत नाहीत, पारावर जाणे बंद, बाजार बंद, भजन बंद, पोराच्या अंगावर विनाकारण ओरडणे सुरू, तर पातेगळ लागली आहे असे समजा. हा आळस नाही, भित्रेपणा नाही. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

आपला माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा मनाचे नाव काढत नाही. छातीत धडधडते, डोके जड पडते, हातापायांत जोर नाही, गॅस होतो, एवढेच सांगतो. डॉक्टर सलाईन लावतो, शक्तीचे इंजेक्शन टोचतो, पैसे घेतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्या डॉक्टरला दोनच गोष्टी जास्तीच्या सांगा: झोप कधीपासून गेली आणि डोक्यात काय घोळते. तालुक्याला जमले नाही तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. तिथे फक्त वेडे लोक जातात, हा समज आता पुरे झाला.

काही दुःखे अशी आहेत की ती करायलाही आपल्याकडे रीत नाही. घरात माणूस गेले तर गाव दारात येऊन बसतो, शेजारची चूल आपल्यासाठी पेटते. बैलजोडी विकली तर? बाजारातून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला गाव एकच विचारतो, "कितीले गेली?" पुढच्या पोळ्याला हा माणूस काहीतरी काम काढून परगावी निघून जातो, आणि का गेला हे कोणी विचारत नाही. वाटणीत विहिरीकडचा तुकडा भावाकडे गेला, पोरगा पुण्याला कंपनीत लागला आणि आता शेतीत परत येणार नाही हे कळून चुकले, वावर बटईने द्यावे लागले. व्यवहार म्हणून यातले सारे बरोबरही असेल. तरी ते सुतक आहे. अशा माणसाजवळ जाऊन बसावे. किंमत विचारू नये, बैलाचे नाव काढावे. तो बोलू लागेल. मध्येच रडला तर रडू द्यावे, "असं पोरीसारखं काय" म्हणू नये.

कर्जाच्या काळजीचे मात्र नुसत्या बोलण्याने भागत नाही. एक वही घ्या. सोसायटी, बँक, कृषी केंद्राची उधारी, सावकार, मेहुण्याकडचे हातउसने, सगळे लिहा. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. हे काम रात्री एकट्याने करू नका. दिवसा करा, बायकोला शेजारी बसवून करा. कित्येक घरांत तिला खरा आकडा माहीत नसतो, आणि नवऱ्याला वाटते आपण तिचा त्रास वाचवला. ज्वारीची कणगी तळाला लागली हे तिलाच आधी कळते. कारण तेवढे कळत नाही, म्हणून ती वेगळी झुरते आणि तो वेगळा झुरतो. मग वही शाखेतल्या हिशेबी माणसाला दाखवा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. रात्री डोंगराएवढा दिसणारा आकडा वहीत उतरला की त्यातला काही भाग आज द्यायचा निघतो, काही मुदत मागण्याचा, आणि काही द्यायचाच नाही असाही निघतो.

गावातल्या साध्या माणसांकडून हे काम होते का, अशी शंका कोणी काढील. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, गरज पडली तिथे समुपदेशक आणि डॉक्टर जोडून दिले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी शेकडा ४.३ होते, दीड वर्षात २७.२ झाले. वर्षभरात जीव द्यायचा विचार मनात येऊन गेला असे सांगणारे शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. त्या दीड वर्षात कापसाला काही सोन्याचा भाव आला नव्हता.

आता फवारणीच्या औषधाबद्दल. लागेल तेवढेच आणा, उरलेले घरात ठेवू नका. कुलपाच्या पेटीत, घरापासून दूर ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. टोकाचा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घालत नेली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

कोणी "मी नसलो तर पोरांकडे पाहजा" असे बोलू लागला, देणीघेणी अचानक आवरू लागला, तर सरळ विचारा: "भाऊ, जीव द्यायचा विचार येते का मनात?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हे खरे नाही. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात न्या. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे तर उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही. १४४१६ हा टेलिमानसचा फोन रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. शाखेच्या फलकावर हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने दोन नावे आणावीत, एक पुरुष आणि एक बाई, ज्यांच्याजवळ गावातली माणसे मन मोकळे करतात. पुढाऱ्यांची नावे नकोत. जे ऐकून घेतात आणि ऐकलेले पारावर नेत नाहीत त्यांची हवीत. आणि हा विषय कापसाच्या भावाच्या आधी घ्यावा, नंतर घेतला की लोक जेवायला उठतात.