शहरात आलेल्याने विचारायचे कोणाला?

मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत रोज नव्याने येणाऱ्या माणसांपैकी अनेकांच्या खिशात त्या शहरातील एकच पत्ता असतो आणि तो गावाकडच्याच कोणाचा तरी असतो. काम, खोली, डॉक्टर, मुलांची शाळा या साऱ्याची वाट त्या एका पत्त्यावरून निघते. तो पत्ता नसणाऱ्याने कोठे जायचे, हा प्रश्न वरवर खासगी वाटत असला तरी प्रत्यक्षात तो नागरी कारभाराचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. लग्नामुळे गाव बदललेल्या स्त्रियांची संख्या त्यात मोठी आहे, हे खरे. परंतु त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती, हेही विसरता येत नाही. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हावयाची, ती लांबली. त्यामुळे शहरांचे नियोजन आजही जुन्याच आकड्यांवर रेटले जात आहे.

गाव सोबत आणणारी मुंबई

गिरण्यांच्या मुंबईने या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने शोधले होते. कोकणातील एकेका गावाची गिरणगावात खोली असे. दरमहा ठरावीक वर्गणी भरावी, आपली ट्रंक ठेवावी आणि पाळी संपली की पथारी पसरावी, असा तेथला रिवाज. एक जण कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा झोपे. गावाचे मंडळ याच खोलीत भरे, भजन आणि गणपतीची वर्गणी तेथेच जमे, गावच्या शाळेसाठी निधीही तेथूनच जाई. नव्याने आलेल्या पोराला गिरणीत चिकटवणे हे या खोलीतील वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच मानले जाई.

गोव्याहून येणाऱ्यांसाठी धोबीतलाव, माझगाव परिसरात 'कूड' होते. जहाजावर नोकरीची वाट पाहणारा खलाशी, स्वयंपाकी, वादक आपल्या गावाच्या कुडात अल्प दरात राही. संध्याकाळच्या तेर्साला हजर राहणे हा तेथला शिरस्ता. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा काही कुडांच्या पाट्या आजही दिसतात.

या सगळ्यांच्या पोटाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत, तोवर किराणा उधारीवर आणि भांडवल सावकाराकडून. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले व बँकांच्या कर्जाचे दार त्यांच्यासाठी उघडले. पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालणारी खानावळ ही नवागताला मिळालेली पहिली पतच होती. कोणताही कागद न मागता मिळालेली.

दारे होती, तसे उंबरेही होते

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकता येणार नाहीत. गावाच्या खोलीत गावाची उतरंडही सोबत येई. दलित कामगारांना गिरणीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता आणि डॉ. आंबेडकरांनी १९२० च्या दशकाअखेरीस हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. खोल्या काय आणि कूड काय, मुख्यतः पुरुषांसाठीच होते. कामगाराची बायको गावी शेत राखीत राही. म्हणजेच ज्याचे गाव शहरात आधीच रुजलेले, त्यालाच शहर सोपे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि त्यांच्या भोवतीचा हा आधारही विरळ झाला. आजचा नवागत बांधकामावर, गोदामात, घरपोच सेवेच्या दुचाकीवर, संगणक कंपनीत किंवा पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकेत असतो. विद्यार्थ्यांपुरते पाहिले तर पुण्यात १९५५ पासून कार्यरत असलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था ग्रामीण भागातील मुलामुलींना निवारा देतात. पण गरजूंच्या मानाने अशा जागा थोड्या. बांधकामावरील मजुराला तर एकच माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे मुकादम. काम त्याच्याकडून, उचल त्याच्याकडून आणि शहराची माहितीही त्याच्याकडूनच. ज्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची वेळ येऊ शकते, तोच एकमेव मार्गदर्शक असणे ही या मजुराची खरी अडचण आहे.

हक्क आहेत, वाटाड्या नाही

मार्च २०२० मधील टाळेबंदीत ही अडचण साऱ्या देशाने पाहिली. माणूस शहरात आणि शिधापत्रिका गावात, अशी लाखोंची अवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावी असा आदेश दिला आणि जून २०२२ मध्ये आसाम सहभागी झाल्यावर ती देशभर पोहोचली. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका असलेल्याला आता देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानात आधार पडताळणीनंतर धान्य घेता येते. नवी शिधापत्रिका काढावी लागत नाही. कुटुंबाने आपल्या कोट्यातील काही धान्य गावात आणि काही शहरात उचलले तरी चालते.

असे हक्क आणखीही आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा सोडल्याचा दाखला आणण्यास उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश लांबवता येत नाही, तसेच वयाचा पुरावा नाही म्हणून तो नाकारताही येत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबाचे स्वयंघोषणापत्र पत्त्याचा पुरावा म्हणून स्वीकारले गेले.

मग अडते कोठे? अडते ते खिडकीपाशी. रास्त भाव दुकानदार 'तुमचे नाव आमच्या यादीत नाही' असे सांगून परत पाठवतो, मुख्याध्यापक दाखला आणल्याशिवाय अर्ज घेत नाहीत आणि घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नसतो. नियम आपल्या बाजूने आहे हे नवागताला ठाऊक नसते. अनेकदा खिडकीमागच्या माणसालाही नसते. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर घेण्याची सोय १९९६ पासून आहे. पण लाभार्थी होण्यासाठी आजवर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागत आला आणि तो मिळवायचा बहुधा त्याच ठेकेदाराकडून. पैसा जमा होतो, माणूस नोंदलाच जात नाही, हा विरोधाभास त्यातूनच जन्मला.

नवागत हा मतदार नसतो, हेही यामागचे एक कारण आहे. पूर्वी निदान नगरसेवकाचे कार्यालय हे विचारपूस करण्याचे ठिकाण होते. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. जवळपास चार वर्षे तेही दार नव्हते.

काय करता येईल?

केरळने या बाबतीत वेगळी वाट धरली. परप्रांतीय मजुरांना तेथे सरकारी भाषेत 'अतिथी कामगार' म्हटले जाते. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी 'आवाज' ही आरोग्य विमा योजना आली आणि पलक्कड जिल्ह्यात कांजिकोड येथे 'अपना घर' हे वसतिगृह उभे राहिले. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. परंतु आलेल्या माणसाची दखल घेणे हे सरकारचे काम आहे, एवढे तरी तेथे मान्य झाले.

आपल्याकडे याहून सोपी सुरुवात शक्य आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयात नागरी सुविधा केंद्र असतेच. तेथे नवागतांसाठी एक खिडकी ठेवावी. जवळचे रास्त भाव दुकान, दवाखाना, अंगणवाडी, शाळा, रात्रनिवारा आणि विधी सेवा केंद्र यांची माहिती मराठी, हिंदीसह त्या प्रभागात बोलल्या जाणाऱ्या भाषांत लावावी. हीच पत्रके रेल्वे स्थानकावर, एसटीच्या आगारात आणि मजूर अड्ड्यावर पोहोचवावीत. बांधकामाला परवानगी देताना तेथील मजुरांच्या मुलांची शाळा व लसीकरण यांची विचारणा व्हावी. गृहनिर्माण संस्थांनी भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करण्यात जी तत्परता दाखवली, तीच त्याला परिसराची माहिती देण्यात दाखवली तर बिघडणार नाही. यासाठी नवा कायदा नको आणि फारसा खर्चही नाही.

गावाच्या खोलीने एक गोष्ट अचूक ओळखली होती : परक्या शहरात माणसाला सर्वांत आधी विचारण्याचे ठिकाण हवे असते. ती खोली जातीची, नात्याची आणि पुरुषांची होती. महापालिकेची खिडकी या साऱ्याच्या पलीकडची असू शकते. जानेवारीत निवडून आलेल्या नगरसेवकांनी आपल्या प्रभागात ती उघडून दाखवावी. तिच्यासमोर आज उभा राहणारा मतदार नसेल; पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातील बरेच जण याच शहराचे झालेले असतील.